फुलांच्या कंपनीची साखर

कुंडलिकमामांनी भिंतीवरचं कात्रण टाचणीसकट उपटलं आणि आप्पासाहेबांच्या पुढ्यात सतरंजीवर टाकलं. टाचणी कुठंतरी उडाली. ती शोधायला रोहिणी वाकली, तसे मामा म्हणाले,

"राहू दे गं ती. आधी ह्या शेठचं काय ते बघू."

कात्रण वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानाचं होतं, कडेनं पिवळं पडलेलं. त्यात मुंबईच्या वसनजीशेठचा फोटो होता. काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा आणि ज्याला कुठंही वेळेवर पोचायची घाई नाही अशा माणसाचं हसू. शेअरबाजारातलं ते मोठं नाव. फोटोखाली त्यांचं म्हणणं ठळक अक्षरांत छापलं होतं. शेअर घ्यावा आणि विसरून जावा. बाजार वर जाईल, खाली जाईल, तिकडं बघू नये. वीस वर्षं थांबणारा माणूस कधी हरत नाही. कोऱ्हाळ्याच्या त्या घरात हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं गेलं होतं. दूध न्यायला येणाऱ्या माणसाचीही त्यातून सुटका नव्हती.

आप्पासाहेबांनी कात्रण उचललं आणि मांडीवर ठेवून हातानं सारखं केलं.

"कुंडलिकराव, शेठचा फोटो काढून बाजार पडत न्हाय."

"बाजाराचं मला काय बी करायचं न्हाय, दाजी. शनवारपतोर तेवढा फोटो खाली असू द्या."

आठवडाभर घरात ह्या एकाच वाराचं नाव निघत होतं. अठ्ठ्याण्णव सालचा जुलै होता. बारावीनंतर इंदापूरच्या डी.एड. कॉलेजच्या यादीत रोहिणीचं नाव लागलं होतं आणि पैसे भरायची मुदत शनिवारी संपत होती. राहायचं मामांच्या घरी, जेवायचं मामीच्या हातचं, म्हणजे तेवढा खर्च वाचत होता. कॉलेजात भरायचे निम्मे पैसे मामा सकाळच्या एस.टी.नं घेऊन आले होते, बंडीच्या आतल्या खिशात, रुमालात बांधून. त्यासाठी त्यांनी दुभती म्हैस विकली होती आणि आल्यापासून ते दोनदा बोलूनही दाखवलं होतं. उरलेले निम्मे आप्पासाहेबांनी घालायचे. त्यांच्याकडं रोकड नव्हती, पण शेअर होते. बारामतीच्या रस्त्याकडेचा एकर विकून चार वर्षांपूर्वी त्यांनी फुलांच्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. ही कंपनी मोठमोठ्या काचघरांत गुलाब लावून ते परदेशी पाठवणार होती. शेअर रोहिणीच्याच नावावर होते. पोरगी वीस वरसांनी राणी व्हील, असं आप्पासाहेब म्हणत.

पोरीला राणी व्हायचं नव्हतं. तिला गावच्या शाळेत लुनावरून येणाऱ्या बाईंसारखं व्हायचं होतं. बाई लुना शाळेच्या भिंतीला लावायच्या, पदर खोचायच्या, की सगळं आवार गप्प व्हायचं. पगार झाला की त्या बारामतीला जायच्या आणि हवं ते घेऊन यायच्या, कुणाला विचारायच्या नाहीत. रोहिणीला ते सगळं हवं होतं, अगदी लुनासकट. नाहीतर रविवारी लोणी भापकरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा बरा होता म्हणे. शेती होती, ट्रॅक्टर होता. शनिवारी पैसे भरले गेले नाहीत तर रविवार होता, इतकं ते सरळ होतं.

"दाजी, मी पडलो अडाणी माणूस," मामांनी मांडी बदलली. स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं की मामा पुढं कुणाचं ऐकत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "मला एवढंच सांगा. शेठ वीस वरसं थांबतो. थांबू दे. त्याच्या घरातली चूल वीस वरसं थांबती का?"

"चुलीचा पैसा बाजारात लावायचाच न्हाय. शेठनीच सांगितलंय तसं."

"मग तुमी एकर कशाचा लावला?"

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "आमच्या आबांनी कारखान्याचा शेअर घेतला, तवा घरात काय हुतं?"

ही गोष्ट मामांनी बहिणीच्या लग्नापासून ऐकली होती. तरी ते ऐकत बसले, कारण मेहुण्यानं दाजींचं बोलणं मधेच तोडायचं नसतं.

"खिल्लार बैल इकला आबाजींनी. जोडीतला एक. दुसरा दावणीला एकटाच हंबरायचा. गाव हसलं. म्हणलं, आबाजी आता कागद नांगराला जुपणार. आबा गप. मग कारखाना उभा ऱ्हायला. ऊस आला, घरावर स्लॅब पडला. तुमचे वडील ह्या घरात पोरगी द्यायला आले ते त्या धुराड्याकडं बघूनच आले. मधी कवातरी आबांनी तो शेअर फुकून टाकला असता तर?"

"धुराड्याकडं बघून, व्हय," मामा म्हणाले. "मी तेच म्हणतोय. धुराडं दिसत हुतं. आजबी बॉयलर पेटला की भोंगा ऐकू येतो हितं. तुमच्या कंपनीचं धुराडं कुठं हाय?"

"फुलांच्या कंपनीला धुराडं नसतं."

"बरं. मग काय असतं?"

आत रोहिणीची आई, सारजाबाई, भाकरी थापत होत्या. तो आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आप्पासाहेब पुढं सरकले. वादाला रंग चढला की ते मांडीवर थाप मारत, तशी त्यांनी मारली. "आडसाली ऊस लावला की दीड वरीस थांबतो का न्हाय आपण? मधी उपटून बघतो का, किती वाढला म्हणून? शेअरचं तसंच हाय. रोज भाव बघणारा माणूस मरतो."

"उसाला तोड येती, दाजी. नोंद असती, तारीख असती, टोळी येती. तुमच्या तोडीची तारीख दिलीय का शेठनं?"

"वीस वरसं."

"ती तारीख न्हाय. ते कीर्तन झालं."

रोहिणीला हसू फुटलं आणि तिनं ते ओठांतच दाबलं. एरवी मामा आणि आप्पांची जुंपली की ती आप्पांच्या बाजूची असे. आप्पा हरले की त्यांचं तोंड एवढंसं होई आणि ते तिला बघवत नसे. आज मात्र मामांच्या प्रत्येक वाक्याला ती मनातल्या मनात दाद देत होती. मामांनी कात्रणातल्या फोटोवर बोट ठेवलं.

"आता हे बघा. वीस वरसं थांबणारा हरत न्हाय म्हंतो हा. आसंल. पण जो थांबून हरला त्याचा फोटो कोण छापतं? ह्याचा छापला, कारण हा जिकला. ह्याच्या संगं जे बसलं हुतं, त्यातलं किती बुडलं ते लिवलंय का ह्यात कुठं?"

आप्पासाहेबांनी कात्रण डोळ्यांजवळ धरलं, जणू तसं कुठं लिहिलंय का ते बघत होते. मग म्हणाले, "बुडणारे घाबरून इकत्यात, म्हणून बुडत्यात. माणसाला धीर पाहिजे."

"धीर तुमचा," मामा म्हणाले, "आन वरसं पोरीची."

दारात कोंबडी आली आणि कुणी हाकललं नाही म्हणून आत येऊन सतरंजीच्या कडेला टोचायला लागली. रोहिणीला मामांच्या पाया पडावंसं वाटलं. आता आप्पा उठतील, ट्रंक उघडतील, असं तिला वाटलं. तिला सतरंजीच्या दोऱ्यांत अडकलेली टाचणी दिसली. तिनं ती काढली आणि मुठीत ठेवली.

पण आप्पासाहेब उठले नाहीत. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं.

"तुमाला वाटतं, मी नुसता कागदावर भरवसा टाकून बसलोय. मी सभेला जाऊन आलोय, कुंडलिकराव. पुण्याला. कंपनीच्या सर्वसाधारण सभेला."

सभा म्हटल्यावर मामा सावरून बसले. तेही त्यांच्या भागातल्या कारखान्याचे सभासद होते. सभेला जाणारा माणूस म्हणजे मालक, यात त्यांना लहानपणापासून शंका नव्हती.

"कवा गेलता?"

"गेल्या दसऱ्याच्या आधी. सभेचा कागद आला नव्हता. टपालात गहाळ झाला आसंल. पर सभासदानं कागदाची वाट बघायची नसती. इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला, भाकरी बांधून घेतली आन गेलो."

"मग? कशी झाली सभा?"

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. "झाली की. मोठा मांडव हुता. चेअरमन वर बसलेले, शेजारी संचालक मंडळ. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं, तेवढ्यात माग्नं आरडाओरडा. भाव द्या, भाव द्या. एकानं अहवाल फाडून वर उडवला. मी उठलो, सरळ माईकवर गेलो. म्हणलं, फुलं वजनावर जात्यात का नगावर? काट्यावर माणूस कुणाचा? काटा मारत न्हायत ना?"

"बरं इचारलं," मामांनी मान डोलावली.

"चेअरमन म्हणाले, काटा चोख हाय, कवाबी येऊन बघा. मग मंजूर, मंजूर. उठली सभा."

"आमच्याकडंबी हेच," मामा म्हणाले. "सभा म्हणलं की हेच."

"आन मत म्हणाल तर सगळ्यांचं एकच. उद्या वसनजीशेठ येऊन बसला तरी त्याचं एक आन माझं एक. जाताना सभासदाला धा किलो साखर दिली. ती काय, आत फळीवर डबा हाय. तुमच्या बहिणीला इचारा."

"साखर," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजातली धार एकदम कमी झाली. "आक्का बोलली हुती खरं मागं. साखर देत्यात म्हंजी मग कंपनी जितीजागती हाय म्हणायची."

रोहिणीच्या मुठीत टाचणी रुतली.

बारावीला तिची वाणिज्य शाखा होती. मार्चच्या परीक्षेत तिनं एक प्रश्न सोडवला होता आणि तो चांगला गेल्याचं आप्पांनाच येऊन सांगितलं होतं. सहकारी संस्था आणि संयुक्त भांडवली कंपनी यांतील फरक स्पष्ट करा. मधोमध रेघ मारून तिनं दोन बाजू लिहिल्या होत्या. सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत. कंपनीत ज्याचे जितके शेअर, तितकी त्याची मतं. कंपनी नफा वाटते तो लाभांश म्हणून. साखरेचा मुद्दा पुस्तकात कुठंच नव्हता. गुलाब विकणारी कंपनी कुठल्या गोदामातून साखर काढणार होती?

कारखाना सभासदांना दरसाल साखर देई; शेअर म्हटलं की साखर, ही गोष्ट त्या घरात इतकी जुनी होती की दसऱ्याला तिलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. मामांना तर आजही वाटत नव्हतं. आप्पांनी जी सभा सांगितली ती कारखान्याची होती, मांडवासकट, मंजूर-मंजूरसकट. दुसरी सभा त्यांनी जन्मात पाहिलीच नव्हती.

"आप्पा," ती म्हणाली, "मांडव कुठं घातला होता?"

"आं?"

"पुण्यात. कुठल्या भागात?"

"ते... हापिसाच्या म्होरं. मोकळी जागा हाय की तितं."

बोलता बोलता त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून कोंबडीला हाकललं. ती नजर तिच्या ओळखीची होती. पुण्याहून आले त्या दिवशीची. दिवेलागण झाल्यावर ते खांद्यावर पिशवी घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट पार चुरगळला होता आणि बांधून नेलेली भाकरी फडक्यात तशीच होती. दमलो म्हणाले आणि न जेवता निजले. त्याआधी ते रोज स्टँडवरच्या न्हाव्याकडं जाऊन पेपरातले भाव बघत, बारीक अक्षरांवरून बोट फिरवत. दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं. आणि त्याच आठवड्यात हे कात्रण भिंतीवर लागलं. आधी नाही. आधी ह्या घरात वसनजीशेठचं नावही कुणी घेत नव्हतं.

सभा झालीच नव्हती. बहुधा ऑफिसही नव्हतं. पैसे गोळा करून, पाटी उतरवून पळालेल्या कंपन्यांच्या बातम्या त्या दोन-तीन वर्षांत पेपरात रोजच्या झाल्या होत्या. त्यातलीच एक ही. रस्त्याकडेचा एकर गेला होता आणि आप्पांना ते जवळजवळ वर्षभर ठाऊक होतं. तिला यादी लागली तेव्हा ठाऊक होतं, तिनं पेढे आणले तेव्हा ठाऊक होतं, आणि मामांनी म्हैस विकली तेव्हाही ठाऊकच होतं.

तिला इतका राग आला की तिथं बसवेना. चहा टाकते म्हणून ती आत गेली.

"आई, तो वरचा साखरेचा डबा काढ."

"कशाला? कारखान्याची हाय अजून थोडी."

"काढ तर."

सारजाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "ती मी चिमूटभर घेतली न्हाय कवा," त्या म्हणाल्या. "घशाखाली जायची न्हाय माझ्या."

रोहिणी आईकडं बघत राहिली. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"दाणा बघितला की मी. कारखान्याचा दाणा असा जाड असतो. ही बारीक, दुकानातली. पिशवीबी बारामतीच्या स्टँडम्होरच्या दुकानाची."

"आणि तू गप्प बसलीस?"

"काय बोलू? पुण्यास्नं माणूस रिकाम्या हातानं कसा यील घरी? घेतली आसंल वाटंत." त्यांनी भाकरी उलटली. "मला वाटलं, तुझी येळ येईपतोर ते कायतरी करतील. कुठनंबी."

"वेळ आजच आलीय आई."

"दिसतंय मला."

चहा उकळला. बाहेर मामांचा आवाज पुन्हा वर चढला होता, पण आता त्यात भांडण नव्हतं, उलट समजूत होती. तेच जास्त वाईट होतं.

"हे बघा दाजी, तुमचंबी ऱ्हाऊ द्या आन माझंबी. साखर देणारी कंपनी हाय, मान्य. मग सगळं नकाच इकू. निम्मं इका, निम्मं ठेवा तुमच्या शेठसाठी. उद्या मी ऱ्हातो. दोघं मिळून बारामतीला जाऊ त्या दलालाकडं. काढा कागद, मला बघू तरी द्या कसं असत्यात."

रोहिणी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आप्पासाहेब ट्रंकेपुढं बसले होते. करगोट्याला बांधलेली किल्ली त्यांनी सोडली होती आणि ती कुलपात उलटी घालत होते. जात नव्हती. त्यांनी ती काढली, बंडीला पुसली आणि पुन्हा उलटीच घातली. मामा शेजारी उकिडवे बसून वाट बघत होते.

बोलावं, असं तिला वाटलं. एका वाक्याचं काम होतं. मामा, कंपनी साखर देत नसते. मग मामा आप्पांना जे बोलले असते ते सगळं आप्पांच्या वाट्याचंच होतं, आणि तिला ते ऐकायला आवडलं असतं. पण त्यानं शनिवारचे पैसे उभे राहत नव्हते. मामांकडं निम्मेच होते, दुसरी म्हैस विकायला नव्हती. लुना गेली होती, ती आज नाही, गेल्या दसऱ्यालाच. आता आप्पांची अब्रू तेवढी शिल्लक होती, आणि ती राखायची की घालवायची हे तिच्यावर येऊन पडलं होतं. आपल्याला कुणी विचारलं का, हे असलं काम आपल्याकडं का, असं तिला वाटलं. किल्ली तिसऱ्यांदा उलटी गेली, तेव्हा तिच्यानं ते बघवलं नाही.

"मामा, राहू द्या."

मामांनी मान वळवली.

"मला नाही जायचं डी.एड.ला. शेअर राहू द्यात तसेच. थांबते मी वीस वर्षं."

"येडी झाली का गं? परवा तर घर डोक्यावर घेतलं हुतंस जायचं म्हणून."

"विचार केला नंतर."

"कसला इचार? आत जाऊन चहा टाकून आली तेवढ्यात इचार झाला?"

तिनं कप त्यांच्यापुढं ठेवला. ती आप्पांकडं बघत होती. एवढी जागा तिनं त्यांना करून दिली होती, आता ते काहीतरी बोलतील असं तिला वाटत होतं. खरं सगळं नकोच होतं. 'तसं न्हाय गं' एवढं म्हणाले असते तरी तिला पुरलं असतं. नुसतं बघितलं असतं तरी.

आप्पासाहेबांनी कुलपातून किल्ली काढली. करगोट्याला पुन्हा बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मग मामांकडं तोंड करून म्हणाले,

"बघा कुंडलिकराव. पोरीला कळलं. तुमाला कळना."

मामांनी उभ्याउभ्याच चहा संपवला. बंडीत हात घालून रुमालाची गाठ चाचपली. "म्हैस इकली मी, दाजी," ते तिसऱ्यांदा म्हणाले, पण ह्या वेळी कुणाला ऐकवायला नाही. मग रोहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला. तिच्यावरही त्यांचा राग होताच. म्हैस विकून दारात उभ्या राहिलेल्या माणसाला पोरीनं परत पाठवलं होतं.

"लोणीच्या मंडळींना निरोप देऊन जातो मग. रविवारी या म्हणून."

"द्या," आप्पासाहेब म्हणाले.

मामा गेले. अंगणातून त्यांच्या वहाणांचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत येत होता. आप्पासाहेब उठले, कात्रण घेऊन भिंतीपाशी गेले आणि कॅलेंडरशेजारी जुन्या जागेवर धरून उभे राहिले.

"टाचणी घावली का गं?"

रोहिणीनं मूठ उघडून टाचणी पुढं केली. त्यांनी ती तिच्या तळहातावरून उचलली. तळहातावर रक्ताचा ठिपका होता, तो त्यांना दिसला असेल किंवा नसेल. पाठमोरे होऊन ते भिंतीतलं जुनं भोक शोधायला लागले.

"सरळ हाय का बघ."

"आहे," ती म्हणाली. तिनं पाहिलंही नव्हतं.

आतून सारजाबाईंनी विचारलं, "रविवारच्या पाव्हण्यांच्या चहाला साखर पुरायची न्हाय. कारखान्याची तळाला गेलीया. दुकानातनं आणाय लागंल का?"

रोहिणी आत गेली. पाटावर चढून तिनं फळीवरचा मोठा डबा दोन्ही हातांनी उतरवला. आई नको नको म्हणून हातानं खुणावत होती, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही. डबा घेऊन ती मधल्या दारात आली आणि उंबऱ्याशी तिनं तो खाली ठेवला.

"दुकानातली कशाला?" ती म्हणाली. "कंपनीची आहे की."

आप्पासाहेबांचा हात भिंतीवर होता तिथंच राहिला.

तिनं झाकण काढलं. इतके महिने कुणी न शिवलेली साखर दमट होऊन तिचा दगडासारखा गोळा झाला होता. तिनं आईकडून बत्ता मागून घेतला आणि तिथंच उंबऱ्यात बसून ती फोडायला घेतली.